उजवीकडची खालची दाढ

कुंदा,

आपल्या दोघांच्या खोल्यांमध्ये प्लायवूडची पातळ भिंत होती आणि त्या भिंतीला दाराऐवजी पडदा होता. त्यातून तुझा शब्दन् शब्द मला ऐकू यायचा आणि माझाही तुला जायचा, तरी आपण एकमेकांशी कधी बोललो नाही. तू माझ्या धाकट्या भावाची, दिनूची बायको, आणि मी तुझा भासरा. आपल्या दारव्ह्यातल्या आपल्यासारख्या घरात सुनेनं भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, त्याचा हात तर सोडाच, सावलीही अंगावर पडू द्यायची नाही. तू आयुर्वेदाची पदवी घेतलेली वैद्य आणि मी दातांचा डॉक्टर. कोणाला सांगितलं तर हसेल. आता तू गेलीस. पडदा अजून तसाच लटकतो आहे, पण पलीकडे कोणी नाही आणि मध्ये निरोप द्यायलाही कोणी नाही, म्हणून सरळ तुलाच लिहितो आहे. रागावू नकोस.

हे काही कोणी तुला घोकून घ्यायला लावलं नव्हतं. तू महागावहून लग्न होऊन आलीस तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "हे तुहे भासरे. यायच्या पुढं जपून राहजो." झालं. मला वाटलं होतं, वर्षभरात ही रीत आपोआप गळून पडेल. माझी बायको शाळामास्तरीण, सकाळीच दिग्रसच्या गाडीला लागायची, तिला या गोष्टींचं हसू यायचं. पण मग दिनूनं बाबांच्या बैठकीच्या खोलीचे दोन भाग केले, एकात माझी खुर्ची बसवली, दुसऱ्यात तुझं टेबल आणि काचेच्या बरण्या मांडल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही रीत आपल्या दोघांना चांगलीच सोयीची आहे. समोरासमोर बोलणारी माणसं एकदा कडकडून भांडतात आणि मोकळी होतात. आपल्याला मध्ये माणूस लागायचा, आणि तो माणूस म्हणजे माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंट. त्यामुळे आपलं भांडण इतकी वर्षं पुरलं.

बोरी अरबचा तो सावकाश बोलणारा गृहस्थ तुला आठवतो? त्याची दाढ हलत होती. मी म्हणालो, "ही ठेवण्यात अर्थ नाही, काढावी लागेल." लगेच पडद्यामागून तुझी बांगडी वाजली. तुझं बोलणं सुरू होण्याआधी ती नेहमी वाजायची.

"त्यांना म्हणावं, हिरडी सुजली आहे म्हणून दाढ हलते. आधी हिरडी बसू द्या."

"बाईंना सांगा," मी त्या गृहस्थाला म्हणालो, "खालचं हाड झिजलंय. फोटोत दिसतंय. झिजलेलं हाड तेलानं परत येत नसतं."

"म्हणावं, परत येत नसेल, पण आहे ते राहतं ना?"

त्या बिचाऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. "मले मधात कायले घेऊन राह्यले जी तुमी? दोघायलेही तं आयकू येऊन राह्यलं एकमेकायचं!"

मग पलीकडून पदरात दाबलेलं हसू ऐकू आलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही हसू आवरेना. ती दाढ मी खरवडून साफ केली, तू त्याला तोंडात तेल धरायला शिकवलंस, आणि दाढ राहिली. कोणामुळे राहिली हे आपण पुढे कितीदा उकरून काढलं, पण ठरलं कधीच नाही.

हल्ली दुपारी जरा पडलो की ओसरीवरचा तो बाक दिसतो. झोप नसते, जागही नसते, आणि बाकावर माणसं बसलेली असतात. अर्धी तुझी, अर्धी माझी. तुझ्या माणसांच्या तोंडात तिळाचं तेल. गंडूष म्हणजे नुसती चूळ नव्हे, हे तू प्रत्येकाला बजावायचीस. तोंड इतकं भरायचं की आतलं तेल हलवताही येऊ नये, आणि डोळ्यांना, नाकाला पाणी येईपर्यंत तसंच बसून राहायचं. "गिळू नका बरं का, थुंकून टाका," हे तुझं शेवटचं वाक्य. माझ्या माणसांचे गाल इंजेक्शननं बधिर आणि दाताखाली कापसाचा बोळा दाबलेला. त्यामुळे त्या बाकावर कोणालाच बोलता येत नसे. समोरच्या जिनिंग कारखान्यातून कापसाचे तंतू उडत यायचे आणि त्या सगळ्यांच्या केसांवर, खांद्यांवर बसायचे. गाल फुगवलेली ती माणसं एकमेकांकडे बघत राहायची, कधी कोणाच्या डोळ्यांत पाणी, आणि ते तेलाचं की कशाचं हे कोणी कोणाला विचारू शकत नसे. भावाची चर्चा नाही, बियाण्याची नाही, बोंडअळीची नाही. अख्ख्या दारव्ह्यात तेवढी एकच जागा होती जिथे कापसाबद्दल कोणी बोलत नव्हतं.

एकानं तर एकदा तोंडातला बोळा काढून उलटासुलटा करून पाहिला आणि मला म्हणाला, "माह्या वावरातला तं नसन ना जी हा?" मी हसलो. तू पलीकडे हसली नाहीस.

मग ते तंतू कमी झाले. जिनिंग अर्ध्या हंगामातच बंद पडायला लागलं. माझ्या खुर्चीतली भाषाही बदलली. पूर्वी लोक म्हणायचे, कापूस निघाला की दातात चांदी भरू, कापूस निघाला की कॅप बसवू. मी चिडायचो, म्हणायचो, कीड तुमच्या कापसासाठी थांबणार आहे का? पण ते म्हणणं बंद झालं तेव्हा कळलं की त्यात केवढी आशा होती. माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणायला लागला, "काढून टाका." दात वाचवायला पुन्हा पुन्हा यावं लागतं. पुढच्या महिन्यात आपण इथे येऊ, असं आधी वाटावं लागतं. ते वाटणंच लोकांचं संपलं होतं. वाचवता आले असते असे दात मी काढत होतो, एकामागून एक, आणि संध्याकाळी हात धुताना माझं मलाच बरं वाटत नव्हतं.

तू कसली सोडतेस. एका म्हातारीकरवी निरोप पाठवलास, "दादांना विचारा, आज दातांचं टोपलं घरी नेणार का इथेच ठेवणार?" म्हातारीनं तो अक्षरशः तसाच सांगितला. त्या दिवशी मला तुझा मनापासून राग आला होता. पण त्याच दिवसांत तुझा बाक भरलेला असायचा, हेही मी बघत होतो. तुझी माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा येत, तिसऱ्या दिवशी पुन्हा येत. तू त्यांना बाभळीची साल कुटायला सांगायचीस, हिरड्यांना चूर्ण कसं चोळायचं ते दाखवायचीस, आणि प्रत्येकाला उद्याची वेळ द्यायचीस. मी म्हणायचो, हे औषध नाही, हे वेळ काढणं आहे. तू म्हणायचीस, "म्हणावं, वेळ काढता आला तरी पुष्कळ आहे सध्या."

भस्माचं भांडण तर तसंच राहिलं. दात तात्पुरता भरायची माझी पांढरी पूड संपली होती आणि यवतमाळहून यायची होती. तू एका पेशंटच्या हातून कागदाची पुडी पाठवलीस. यशद भस्म. निरोप असा, "म्हणावं, हीही जस्ताचीच राख आहे. आणि लवंगेचं तेल तर त्यांच्याकडे बाटलीत आहेच. त्यांच्या कॉलेजात त्याला काय म्हणतात ते त्यांनाच ठाऊक." मी पुडी आल्या हाती परत पाठवली. "बाईंना सांगा, माझ्या खुर्चीत भस्म चालणार नाही. किती शुद्ध आहे, कोणी तपासलंय?"

पलीकडे बांगडी वाजली. मग, "म्हणावं, मी घोटलंय."

आजही मी ती पुडी परतच पाठवीन, कुंदा. तपासल्याशिवाय कोणाच्या तोंडात काही घालायचं नसतं. पण "मी घोटलंय" हे तू ज्या आवाजात म्हणालीस तो आवाज मला आवडला होता. माझ्या पुडीच्या डब्यावर कारखान्याचं नाव होतं. ती कोणी घोटली होती हे मला कुठे ठाऊक होतं?

मग तुझी दाढ दुखायला लागली.

तू कोणाला सांगितलं नव्हतंस. पण मला ते ऐकू आलं. तुझे शब्द अर्ध्या उघडलेल्या तोंडातून यायला लागले. पडद्यामागचं हसू बंद झालं. तुझ्याकडे पेशंट नसतानाही लवंगेचा वास माझ्या खोलीत यायला लागला. जेवताना मी दिनूला विचारलं तर तो ताटाकडे बघत म्हणाला, "गाल सुजला आहे. तेल धरते, लवंग धरते. बसत नाही."

"यवतमाळला ने. माझ्याबरोबर शिकलेला आहे एक तिथे, मी चिठ्ठी देतो."

तो आत जाऊन तुला विचारून आला. "ती नाही म्हणते. म्हणते, घरात दातांचा डॉक्टर असून सून यवतमाळला गेली, तर लोक काय म्हणतील? घरच्यांचाच दादांच्या हातावर भरवसा नाही म्हणतील."

"मग इथं बसव माझ्या खुर्चीत!"

आई वाढत होती. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. "भासऱ्यापुढं तोंड वासून बसन का ते? डोक्यावर पदर घेऊन दाढ दाखवता येते का कोनाले? काही समजते का तुमाले?"

म्हणजे माझा मान राहावा म्हणून तू दुसऱ्याकडे जाणार नाहीस, आणि घराची रीत राहावी म्हणून माझ्याकडे येणार नाहीस. असला तिढा फक्त आपल्याच घरात पडू शकतो. दोन दवाखाने एका छताखाली, आणि मधली बाई तळमळत बसलेली. सूज गालावरून जबड्याखाली उतरायला लागली, असं दिनूनं सांगितलं. ती गळ्याकडे गेली की श्वास कोंडतो. शिकत असताना मी तशी एक बाई पाहिली होती. नुसत्या दाढेपायी आणलेली, आणि वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी खुर्ची रिकामी होती. तरी मी खुर्चीशी उभा राहून खुर्चीलाच मोठ्यानं म्हणालो, "बाईंना सांगा, दाढ ही कोणाची सून नसते की भावजय नसते. दाढ म्हणजे दाढ. आणि ही जीव घेईल." पलीकडून बरणीचं झाकण लावल्याचा आवाज तेवढा आला.

दुपारी मी पुढच्या पेशंटला हाक मारायला बाहेर आलो, तर बाकाच्या टोकाला तू. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, मान खाली. तुझीच तेल धरलेली माणसं तुझ्या शेजारी गाल फुगवून बसलेली, आणि सगळ्यांचे डोळे विस्फारलेले, पण बोलणार कोण? बोलू शकणारी एकटी गिरजाबाई होती. बोरी अरबची, घरची कापसाची आणि तुरीची वावरं असलेली, भारदस्त बाई. तिचे उरलेसुरले दात मी उन्हाळ्यातच काढले होते आणि कवळीचं माप द्यायला ती आली होती. तोंडात एकही दात नाही आणि जिभेला विश्रांती नाही. तिनं तुझा दंड धरला आणि सरळ आत आणलं.

"ह्या बाईले दाढ दाखवाची हाय. मधातलं बोलनं मी करतो."

आतल्या दारात आई येऊन उभी राहिली. "गिरजाबाई, भासरा हाय तो तिचा. शिवन ना तिले."

गिरजाबाईनं माझ्या हातांकडे बोट केलं. रबरी हातमोजे आपल्याकडे तेव्हा नुकतेच रोजच्या वापरात आले होते. "हे मोजे घातले ना डाक्टरनं? मंग शिवलं कुठं वो माय? रबर शिवलं."

"पदर तं राहू द्या डोक्यावर," एवढं म्हणून आई आत गेली.

"दादासाहेब म्हणते, आ करा," गिरजाबाई म्हणाली, आणि तू तोंड उघडलंस. दुखण्यानं जेमतेम बोटभर उघडलं. मी दिवा फिरवला. इतक्या वर्षांत तुझा चेहरा मी कधी नीट पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, त्या दिवशीही नाही पाहिला. दंतवैद्याला चेहरा दिसत नाही, तोंड दिसतं. आणि तुझं तोंड बघून मी वैतागलो. इतकं स्वच्छ! हिरड्या घट्ट, गुलाबी, कुठे रक्ताचा टिपूस नाही. अख्ख्या तालुक्यात असं तोंड माझ्या खुर्चीत आलं नव्हतं. आणि मागे ती उजवीकडची खालची दाढ, वरून जराशी काळी आणि आतून पार पोखरलेली. तुझ्या तेलाचा जिथे हात पोहोचला तिथे सगळं राखलं होतं, आणि कीड एकदा आत शिरल्यावर तिथे तेल पोहोचत नव्हतं.

तू गिरजाबाईच्या कानाशी काही पुटपुटलीस. "बाई म्हणते, काढून टाका."

मला वाटलं, गिरजाबाईनं आपल्या मनचं सांगितलं. "पुन्हा विचारा."

"तेच म्हणून राह्यली. म्हणते, एक डाव बसली, निभावलं. पुन्हा पुन्हा ह्या खुर्चीत नाई बसवत."

मी चिमटा हातात धरून उभा राहिलो. तेच शब्द. रोज खुर्चीत येणारे तेच शब्द, आणि आता तुझ्या तोंडून. लोकांना रोज उद्याची वेळ देणारी तू, तुझ्या स्वतःच्या दाढेसाठी मात्र उद्या येणार नव्हतीस. एवढी वर्षं तुझ्याशी भांडलो ते सगळं तू असं एका वाक्यात टाकून द्यावंस? मी म्हणालो, "सांगा त्यांना, मी काढणार नाही. मुळं शाबूत आहेत. पू काढतो, गोळ्या देतो, सूज बसली की आतून साफ करून भरतो. चार खेपा होतील. यावं लागेल."

गिरजाबाई कमरेवर हात ठेवून आपल्या दोघांकडे बघत राहिली. "इतके दिवस तुमी काढा म्हनत होते, बाई नोका म्हने. आता बाई काढा म्हनून राह्यली तं तुमचं नाई. काहून करून राह्यले असे? याही-याहीन हाय का तुमी, लग्नात रुसाले-फुगाले?"

तू खुर्चीत डोळे मिटून पडली होतीस. मग पदराखाली मान हलली. हो म्हणालीस.

त्या थंडीतल्या दुपारी मला आता एकापासून दुसरी वेगळी काढता येत नाहीत. सगळ्या मिळून एकच दुपार असल्यासारखी वाटते. ओसरीवरून तिळाच्या तेलाचा वास येतो आहे, पडद्यातून पिवळसर ऊन खुर्चीच्या पायाशी आलं आहे, बाहेर गाल फुगवलेली माणसं शांत बसली आहेत. गिरजाबाईनं आपल्या कवळीच्या तारखाही मुद्दाम तुझ्याच खेपांना लावून घेतल्या होत्या. ती स्टुलावर बसून तुझा हात धरते आहे. मी बारीक सुईनं दाढेची मुळं एकेक करून साफ करतो आहे, खरखर असा बारीक आवाज येतो आहे, आणि कोणालाच घाई नाही. बाजार पडलेला, जिनिंग बंद, रस्त्यावरून रिकाम्या बैलबंड्या परत जात असतील, पण त्या खोलीत आपण सगळे मिळून एक दाढ वाचवत होतो. मी आयुष्यात तेवढं नीट काम पुन्हा केलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी यवतमाळहून आलेली पांढरी पूड लवंगेच्या तेलात मळून दाढेत भरली. वास आला तशी तू तोंड उघडं असतानाच हसलीस आणि घशातून काहीतरी म्हणालीस. गिरजाबाई म्हणाली, "काई समजलं नाई बाबा मले." मला समजलं. भस्म म्हणालीस तू. मी ऐकलंच नाही असं दाखवून कापूस दाबत राहिलो.

शेवटच्या खेपेला मी कॅप बसवली, तेव्हा गिरजाबाईच्या तोंडात नवी कवळी आली होती आणि ती जरा जास्तच स्वच्छ बोलत होती. "बाई म्हणते, मूळ त्यायचं, हिरडी माझी. हिरडीले त्यायनं हात नाई लावाचा." मला ही वाटणी मान्य होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पुन्हा पडद्यामागे होतीस, बांगडी वाजली, "त्यांना म्हणावं" सुरू झालं, आणि घर पहिल्यासारखं चालू लागलं.

पण बाकावरच्या माणसांनी पाहिलं होतं. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून काय झालं, घरी जाऊन बोलली असणार. काही दिवसांनी एक माणूस आला, काढून टाका म्हणाला, मी सुई भरायला घेतली, तर तो जरा थांबून म्हणाला, "बाईची वाचवली म्हनते तुमी. तशी होते का माही?" मग आणखी एक. सगळे नाहीत, पुष्कळांना खरंच जमत नव्हतं. पण जे थांबले ते थांबले. त्यांना पुढची वेळ देताना माझ्या तोंडून तुझंच वाक्य जायचं, उद्या या.

तू मला माझं काम परत दिलंस, कुंदा. हे मी तुला सांगितलं नाही. मनात पुष्कळदा आलं. पण कोणाकरवी सांगणार? दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाला मी काय म्हणायचं होतं? बाईंना सांगा, मी त्यांचा आभारी आहे? ते निरोपानं पाठवण्यासारखं नव्हतं आणि दुसरी वाट आपल्याकडे नव्हती.

आणि रागही आहे. तो कुठे ठेवू? लोकांची नाडी पाहून त्यांना घरी पाठवून झोपायला लावणारी तू, स्वतःचा ताप अंगावर काढत टेबलाशी बसून राहिलीस. मला पडद्यातून तुझा खोकला ऐकू येत होता. मी निरोप पाठवले. "म्हणावं, काढा घेतेय," असं उत्तर यायचं. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तोवर ताप छातीत उतरला होता. दाढेच्या वेळी तू ऐकलंस, मग या वेळी का नाही ऐकलंस? हे भांडण आता मी एकटाच भांडतो, आणि पलीकडून बांगडी वाजत नाही.

तुला परत आणलं ते पुढच्या खोलीतच ठेवलं. प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना माणसं मावेनात. मी रिवाजाप्रमाणे बाहेर अंगणात उभा होतो. आत तुझ्या तोंडात तुळशीचं पान ठेवायचं होतं. दिनूनं हात पुढे केला, पण गाडीच्या प्रवासात तुझा जबडा आवळला होता आणि पान आत जाईना. कोणी म्हणालं, ओठांवरच ठेवा. कोणी म्हणालं, चमच्यानं उघडा. चमचा म्हटल्यावर आई उठली. बायकांमधून वाट काढत ती ओसरीपर्यंत आली आणि मला हाक मारली.

"तू ये."

मी म्हणालो, "आई, मी भासरा आहे तिचा."

"मले ठाव हाय," आई म्हणाली. "तिचं तोंड तुलेच ठाव हाय. हळू उघड. लागू देऊ नको तिले."

मी आत आलो. सवयीनं आधी हात धुतले, मोजे घातले नाहीत, आणि तुझ्याजवळ खाली बसलो. सवयीनं मान वर करून मी मधल्या माणसाला शोधलं. गिरजाबाई दारात उभी होती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि तोंड फिरवलं. मग मीच वाकलो. अंगठा जिथे ठेवायचा तिथे, जबड्याच्या मागच्या कोपऱ्याशी ठेवला, आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, तुला म्हणालो, "कुंदा, आ कर."

घाई केली नाही. थोडं थोडं उघडलं. पान जिभेवर ठेवलं, वर पाण्याचे थेंब सोडले आणि हनुवटी धरून तोंड पुन्हा मिटवलं. लागलं नाही ना तुला?